मोडी दप्तरासाठी शार्प लेन्सची निवड: एक प्रकरण अभ्यास

सातारा जिल्ह्यातील एका वाड्यात एका घराण्याचे दप्तर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले गेले आहे. रुमालांत बांधलेले मोडी कागद, लाकडी फळ्यांमध्ये ठेवलेल्या काही पोथ्या आणि इनाम जमिनींचा हाताने काढलेला एक मोठा नकाशा, असे त्याचे स्वरूप आहे. घरातल्या ज्येष्ठ बाई, ज्यांना सगळे माई म्हणतात, निवृत्तीनंतर मोडी शिकल्या आणि या सगळ्या कागदांची छायाचित्रे काढून ठेवावीत असे त्यांनी मनावर घेतले. त्यांच्या पुतण्याकडे निकॉनचा डी५६०० हा कॅमेरा होता, त्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स होती आणि व्यक्तिचित्रांसाठी घेतलेली ५० मिमी एफ/१.८ होती (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे). काही कागदांचे फोटो काढून झाल्यावर त्याने मला प्रश्न विचारला तो असा: मधला मजकूर छान येतो, पण कडेच्या ओळी वाचताना माईंना त्रास होतो; तर यापेक्षा शार्प लेन्स कोणती घ्यावी? त्याच्या मनात एफ/१.४ ची एक महागडी लेन्स होती, कारण तिची सर्वत्र वाखाणणी झालेली होती.

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण लेन्स घेणारी बहुतेक माणसे तो याच शब्दांत विचारतात आणि त्या शब्दांत त्याला उत्तर नसते. एखादी लेन्स दूरच्या डोंगरासाठी शार्प असते, एखादी अंधाऱ्या सभागृहातल्या चेहऱ्यासाठी, तर एखादी हातभर अंतरावरच्या सपाट कागदासाठी. रचनाकार लेन्सचे दोष एका ठरावीक अंतरासाठी आणि ठरावीक वापरासाठी कमी करत असतो. त्या वापराबाहेर तीच लेन्स सामान्य वाटू शकते. म्हणून आम्ही लेन्सची नावे बाजूला ठेवली आणि आधी कागदाची मापे घेतली.

कागदाची गरज

दप्तरातले बहुतेक मोडी कागद आणि पोथ्यांची पाने ३० सेंटिमीटर लांबीच्या आत बसत होती. चारी बाजूंनी थोडी मोकळी जागा आणि शेजारी मोजपट्टी ठेवायची, तर चौकटीत ३३ सेंटिमीटर लांबी यायला हवी. या कॅमेऱ्याचे चित्र ६००० बाय ४००० पिक्सेलचे असते. ३३ सेंटिमीटरवर ६००० पिक्सेल पसरले की इंचाला सुमारे ४६० पिक्सेल, म्हणजे मिलिमीटरला १८ पिक्सेल मिळतात. दुर्मीळ ग्रंथांच्या डिजिटायझेशनसाठी अमेरिकेतील सरकारी संस्थांच्या मार्गदर्शक तत्त्वांत सर्वोच्च श्रेणीला इंचाला ४०० पिक्सेल धरलेले आहेत. म्हणजे कॅमेरा पुरेसा होता. पुतण्याला वाटत होते तसा नवा, अधिक मेगापिक्सेलचा कॅमेरा घेण्याचे कारण नव्हते.

मात्र पिक्सेल मिळणे वेगळे आणि त्या पिक्सेलांत तपशील उतरणे वेगळे. बोरूने काढलेली मोडीची रेघ सुमारे अर्ध्या मिलिमीटरची असली तरी जिथे लेखक भरधाव लिहितो तिथे ती केसाएवढी बारीक होते. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेतात आणि मग अक्षरे हात न उचलता एकापुढे एक लिहीत जातात. त्यामुळे एका अक्षराचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात यांतला भेद कित्येकदा एका लहानशा वळणावर किंवा गाठीवर ठरतो. ती गाठ फोटोत भरून गेली की वाचणारा अंदाज करू लागतो, आणि जुन्या कागदातल्या नावात किंवा रकमेत अंदाज चालत नाही.

याशिवाय माईंनी एक अट घातली होती. "कागद एकदाच उलगडायचा. पुन्हा पुन्हा हाताळण्याजोगे ते आता राहिलेले नाहीत," असे त्यांनी स्पष्ट सांगितले. घडीवर तुटू लागलेले कागद त्यांनी मला दाखवलेही. पुढच्या सगळ्या निर्णयांवर या अटीचा प्रभाव राहिला. मधल्या भागात शार्प असलेली लेन्स वापरून पानाचे दोन अर्धे वेगळे टिपता आले असते, आणि नवी लेन्स घ्यावीच लागली नसती. पण त्यासाठी प्रत्येक कागद चौकटीखाली हाताने दोनदा सरकवावा लागला असता. माईंची अट पाळायची तर संपूर्ण पान, कोपऱ्यांसकट, एकाच फोटोत सारख्या स्पष्टतेने यायला हवे होते.

अंतराचा हिशेब

या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रतिमा टिपणारा भाग, २३.५ मिलिमीटर रुंद आहे. त्यावर ३३० मिलिमीटर बसवायचे म्हणजे प्रतिमा मूळ कागदाच्या सुमारे एक चौदांश आकाराची होते. या प्रमाणावर लेन्सपासून कागदाचे अंतर नाभीय अंतराच्या, म्हणजे लेन्सच्या नावातल्या मिमीच्या आकड्याच्या, साधारण पंधरापट येते. ५० मिमी लेन्सला ७५ सेंटिमीटर, ६० मिमीला ९० सेंटिमीटर, तर १०५ मिमीला जवळजवळ १ मीटर ६० सेंटिमीटर.

हा हिशेब आधी केला नसता तर आम्ही बहुधा १०५ मिमीची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स, घेतली असती, कारण फुले आणि कीटक टिपणारे छायाचित्रकार तिचीच शिफारस करतात आणि त्यांच्या कामासाठी ती योग्यच आहे. पण वाड्याच्या सोप्यातल्या तुळया खाली आहेत. लोखंडी चौकोनी पाइपचा जो स्तंभ गावातल्या वेल्डरकडून करून घ्यायचा होता तो दीड मीटरच्या वर नेला असता, तर कॅमेऱ्याचा पडदा पाहायला स्टुलावर चढावे लागले असते आणि उंच स्तंभाच्या टोकाला कॅमेरा हलत राहिला असता. हलणारा कॅमेरा कोणत्याही लेन्सची स्पष्टता खाऊन टाकतो. स्तंभ सव्वा मीटरचा ठरला आणि निवड ५० ते ६० मिमीच्या दरम्यान आली.

पुतण्याची ५० मिमी या मापात बसत होती. तेव्हा नवी लेन्स घेण्यापूर्वी तिच्यात नेमके काय कमी पडते हे तपासणे आवश्यक होते.

चाचणी

वर्तमानपत्रातले छोट्या जाहिरातींचे पान एका सपाट फळीवर सर्व बाजूंनी चिकटवले. लहान टाइप, दाट ओळी आणि चारी कोपऱ्यांत मजकूर असल्यामुळे अशा कामासाठी ते उत्तम साधन आहे. त्यानंतर फळीच्या मध्यभागी एक सपाट आरसा ठेवून कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले. लेन्सचे स्वतःचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यभागी दिसेपर्यंत कॅमेरा हळूहळू वळवत नेला. असे केल्याने सेन्सर आणि कागद एकमेकांना समांतर होतात. हे न करता घेतलेल्या कोणत्याही कोपऱ्याच्या चाचणीला अर्थ नसतो, कारण एक कडा जवळ आणि दुसरी दूर राहिली असेल तर दोष फळीचा असतो आणि शिक्षा लेन्सला होते.

सुरुवातीला स्तंभ माडीवर उभा केला होता. तिथली लाकडी तक्तपोशी माणूस चालला की दबते, आणि मोठे करून पाहिलेल्या चित्रात तो हादरा स्पष्ट दिसत होता. सगळे सामान खाली सोप्यात, कोब्याच्या जमिनीवर आणले. शटर सेल्फ-टायमरवर ठेवले आणि उजेड कमी करून एक्स्पोजर, म्हणजे शटर उघडे राहण्याचा वेळ, पूर्ण १ सेकंदाचे केले. फोटो घेताना कॅमेऱ्याच्या आतला आरसा उचलला जातो, त्याचा झटका क्षणभर टिकतो. एक्स्पोजर १ सेकंदाचे असले की त्या क्षणाचा वाटा नगण्य होतो. एक पंधरांश किंवा एक तिसांश सेकंदाला मात्र तोच झटका पूर्ण चित्रभर उतरतो.

५० मिमी लेन्सने एफ/२.८ पासून एफ/१६ पर्यंत एकेक पायरीने फोटो घेतले आणि मध्य व चार कोपरे संगणकावर पूर्ण आकारात पाहिले. एफ/२.८ ला मध्य चांगला होता, पण काळ्या अक्षरांच्या कडांना जांभळट आणि हिरवट झाक होती. पोथ्यांमध्ये दंड आणि अध्यायसमाप्तीचा मजकूर हिंगुळाने लाल केलेला असतो, तेव्हा काळ्या रेघेभोवती खोटा रंग दिसणे हा केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. एफ/५.६ ला ती झाक गेली आणि मध्य इतका सुरेख झाला की त्यात सुधारणेला जागा नव्हती. कोपरे मात्र एफ/५.६ लाही मऊ, म्हणजे किंचित धूसर, राहिले.

इथे एक प्रयोग निर्णायक ठरला. फोकस मध्यावर न घेता कोपऱ्यावर घेतला. कोपरा लगेच स्वच्छ झाला, आणि मध्य बिघडला. म्हणजे ही लेन्स कोपऱ्यात तपशील टिपू शकत नव्हती असे नाही. तिचे फोकसचे प्रतल सपाट नव्हते, वाटीसारखे वक्र होते. व्यक्तिचित्रात या वक्रतेने काहीच बिघडत नाही, कारण तिथे कोपऱ्यात मुद्दाम धूसर केलेली पार्श्वभूमी असते. सपाट कागद मात्र त्या वक्र प्रतलात एका वेळी पूर्ण बसूच शकत नाही. वेगवान, मोठ्या छिद्राच्या लेन्समध्ये रचनाकाराचा बराच प्रयत्न मोठ्या छिद्रावर मध्यभाग सुधारण्यात जातो. पुतण्याच्या मनातली एफ/१.४ घेतली असती तर जे छिद्र आम्ही कधीच वापरणार नव्हतो त्याचे पैसे दिले गेले असते, आणि ज्या कोपऱ्यांसाठी हा सारा खटाटोप चालला होता ते सुधारतीलच याची खात्री नव्हती.

एफ/१६ च्या फोटोचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. छिद्र जितके लहान तितके चित्र शार्प, अशी समजूत अनेकांची असते, आणि पुतण्या आधीचे सगळे कागद एफ/१६ लाच टिपत होता. या सेन्सरचा एक पिक्सेल सुमारे ३.९ मायक्रॉनचा आहे. म्हणजे सेन्सर मिलिमीटरला सुमारे १२८ रेघजोड्या (एक काळी आणि एक पांढरी रेघ मिळून एक जोडी) टिपू शकतो. प्रकाश लहान छिद्रातून जाताना पसरतो, आणि हिरव्या प्रकाशासाठी एफ/१६ ला त्या पसरण्याची अंतिम मर्यादाच मिलिमीटरला ११४ रेघजोड्यांवर येते. लेन्स कितीही निर्दोष असली तरी त्या छिद्रावर ती सेन्सरला पुरे पडत नाही. एफ/८ ला हीच मर्यादा २२७ आणि एफ/५.६ ला ३२५ असते. जाहिरातींच्या पानावर हा फरक कोणालाही दिसेल इतका ठळक होता: एफ/१६ ला सगळे पान एकसारखे, पण एकसारखे मऊ.

मग छिद्र किती उघडे ठेवावे? कागद आरशासारखा सपाट नसतो. घड्या उलगडलेला जुना हातकागद ३-४ मिलिमीटर वरखाली होतोच, आणि तो काचेखाली दाबायला माईंची परवानगी नव्हती, जी त्यांनी दिली नाही हे योग्यच झाले. आमच्या प्रमाणावर, एका पिक्सेलइतकीच अस्पष्टता चालवून घ्यायची असा कडक निकष लावला, तर एफ/२.८ ला फोकसची खोली, म्हणजे वरखाली जेवढा भाग स्पष्ट येतो ती जाडी, साडेचार मिलिमीटरच्या आसपास, एफ/५.६ ला ९ आणि एफ/८ ला १३ मिलिमीटर येते. सपाट प्रतलाची लेन्स असेल तर एफ/५.६ ची ही सगळी खोली कागदाच्या उंचसखलपणासाठी शिल्लक राहते. वक्र प्रतलाची असेल तर त्यातली बरीचशी लेन्सच खर्च करते.

निवड

सपाट कागदासाठी मुद्दाम रचलेल्या लेन्स नव्या नाहीत. १९५६ साली निकॉनने ५ सेंटिमीटर एफ/३.५ ची पहिली मायक्रो-निक्कोर बाजारात आणली, ती कीटकांसाठी नव्हे तर मायक्रोफिल्मच्या, म्हणजे फिल्मवर कागदांचे अगदी लहान फोटो साठवण्याच्या, गरजेतून. रोमन अक्षरांसाठी पुरेशा ठरलेल्या लेन्स जपानी मजकुरातल्या दाट रेघांच्या कांजी अक्षरांना पुरत नव्हत्या. बारीक वळणांत अर्थ असलेली लिपी सपाट कागदावरून कडेपर्यंत वाचता यावी, ही तीच गरज आमच्याही समोर होती, म्हणून त्याच वंशातल्या लेन्सकडे पाहणे मला स्वाभाविक वाटले.

निवड ठरली ती एएफ मायक्रो-निक्कोर ६० मिमी एफ/२.८ डी या जुन्या लेन्सची. तिच्या पुढच्या पिढीची, स्वतःची मोटर असलेली ६० मिमी २००८ मध्ये आली. डी५६०० च्या शरीरात फोकसची मोटर नसल्यामुळे जुन्या लेन्सवर ऑटोफोकस चालत नाही. सर्वसाधारण ग्राहकाला हे मोठे वैगुण्य वाटते आणि म्हणून ती वापरलेल्या सामानाच्या बाजारात स्वस्त मिळते. आमच्या कामात फोकस हातानेच, पडद्यावर मोठे करून घ्यायचा होता. जे वैगुण्य आमच्या कामाला लागूच नव्हते त्याची सूट आम्हाला मिळाली. वापरलेली लेन्स घेताना मी हाच विचार सुचवतो: तिच्यात काय नाही ते पाहावे, आणि त्याची आपल्याला गरज आहे का ते ठरवावे.

मिळालेली पहिली प्रत परत करावी लागली. आरशाने कॅमेरा समांतर करून घेतल्यावरही चौकटीचा उजवा वरचा कोपरा बाकी तिन्हींपेक्षा स्पष्टपणे मऊ येत होता, आणि छिद्र लहान केल्यावरही तो फरक राहत होता. आतल्या एखाद्या भिंगाचा मध्य सरकला की असे होते. लेन्स कधीतरी पडलेली असावी. बाहेरून तिच्यावर ओरखडाही नव्हता. एकाच मॉडेलच्या दोन प्रतींत इतका फरक पडू शकतो, म्हणून लेन्सच्या स्पष्टतेचे प्रसिद्ध झालेले आलेख निवडीची दिशा दाखवण्यापुरतेच घ्यावेत. त्यातही उत्पादकांचे आलेख बहुतेक सर्वांत मोठ्या छिद्राचे असतात आणि मिलिमीटरला १० व ३० रेघजोड्यांवर थांबतात. एफ/५.६ ला, ९० सेंटिमीटरवर, आपल्या हातातली प्रत काय करते हे त्यात कुठेच नसते.

दुसऱ्या प्रतीचे चारी कोपरे सारखे आले. ती घेण्यापूर्वी छिद्र पूर्ण उघडून मागून विजेरीचा उजेड टाकला आणि आत बुरशीचे तंतू किंवा धुरकटपणा आहे का ते पाहिले. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या जुन्या लेन्सच्या बाबतीत ही तपासणी कधीही टाळू नये. किंचित धुरकट लेन्स रेघा टिपते, पण काळ्याला राखाडी करते, आणि फिकट झालेल्या शाईत तेवढाच काळेपणा उरलेला असतो.

एफ/५.६ ला नव्या लेन्सचा मध्य ५० मिमीपेक्षा सरस होता का? नव्हता. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर मधला भाग ओळखता आला नसता. फरक सगळा बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यात होता. माईंनी एका पत्राच्या शेवटच्या ओळीतले गावाचे नाव आधीच्या फोटोत दोन प्रकारे वाचले होते, ते आता एकाच प्रकारे वाचता येऊ लागले. तळहाताएवढ्या चिठ्ठ्यांसाठी पुतण्याने ५० मिमीच वापरावी, असे मी त्याला सांगितले, कारण त्या चौकटीच्या मधल्या भागातच मावतात.

कामाची घडी

लेन्स आल्यावर काही सवयी ठरवून घ्याव्या लागल्या. या जुन्या लेन्सवर छिद्राची रिंग आहे. ती एफ/३२ वर कुलूप करून ठेवली नाही तर कॅमेरा एफईई अशी सूचना देऊन थांबतो. छिद्र आधी एफ/५.६ लावायचे, मग लाइव्ह व्ह्यू (पडद्यावरचे थेट चित्र) सुरू करून चित्र मोठे करून फोकस घ्यायचा, म्हणजे ज्या छिद्रावर फोटो निघणार त्याच छिद्रावर फोकस पारखला जातो. फोकस अगदी मध्यावर न घेता मध्य आणि कोपरा यांच्या दरम्यानच्या ओळीवर घेतला की उरलासुरला फरक वाटला जातो. तोंड खाली करून टांगलेल्या लेन्सची फोकसची रिंग वजनाने सरकू शकते, म्हणून तिच्यावर कागदी टेपची एक पट्टी लावली आणि रुमाल बदलताना फोकस पुन्हा पाहायचा असे ठरले.

दोन एलईडी दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत लावले आणि खिडक्या बंद केल्या. पांढऱ्या फळीचा उजेड लेन्समध्ये शिरून चित्राला पांढुरकी झाक आणत होता. फळीवर काळे सुती कापड अंथरल्यावर तेच कागद अधिक शार्प दिसू लागले, लेन्समध्ये काहीही न बदलता. पोथ्यांत जिथे चुकलेली अक्षरे हरताळाने पिवळी करून झाकलेली होती, तिथे एकच दिवा ठेवून आडव्या उजेडात आणखी एक फोटो घेतला. त्यात पिवळ्या थराखालच्या अक्षरांचा उठाव काही ठिकाणी दिसला. फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने त्यांवर प्रक्रिया न करता, ठेवले. कॅमेऱ्यातले शार्पनिंग रेघेच्या दोन्ही बाजूंना पांढरी किनार उमटवते, आणि मोडीत दोन रेघांमधली जागा मुळातच इतकी कमी असते की ती किनार वाचणाऱ्याला फसवू शकते.

इनामाचा नकाशा ६० बाय ४५ सेंटिमीटरचा आहे. तो एका चौकटीत घेतला तर इंचाला अडीचशे पिक्सेलही मिळत नाहीत, आणि त्यावरची शेतांची नावे पोथीतल्या अक्षरांहून बारीक आहेत. म्हणून तो उंची न बदलता सहा भागांत, प्रत्येक भाग शेजारच्यावर काही सेंटिमीटर येईल असा घ्यायचा आहे. कागद न उचलता तो ज्या फळीवर अंथरला आहे तीच कॅमेऱ्याखाली सरकवायची, म्हणजे माईंची अटही पाळली जाईल. भाग जोडताना सरळ रेघ सरळच येणाऱ्या या लेन्सचा खरा उपयोग होईल. सुताराकडून सरकत्या फळीसाठी दोन पट्ट्या करून घेण्याचे काम पुतण्याने हाती घेतले आहे.